वतन हरवलेला कवी : आदम मित्स्क्येविच

वाचकहो, परमुलखात डोळे मिटलेला कवी म्हटले की आपल्या घरांतून पहिले नाव निघते ते बादशहा बहादुरशाह जफर यांचे. १८६२ साली रंगूनमध्ये इंग्रजांच्या कैदेत त्यांचा अंत झाला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच्या सातच वर्षे आधी, १८५५ च्या नोव्हेंबरात, इस्तंबूल शहरातील एका गरीब वस्तीत आणखी एक कवी असाच आपल्या मातीपासून दूर निवर्तला. युरोपात त्याचे नाव फार मोठे आहे. आपल्याकडे मात्र ते क्वचितच कानांवर येते. त्या कवीची ओळख आज तुम्हांला करून द्यावी, असा विचार आहे.

नाव आहे आदम मित्स्क्येविच. आडनावाशी जिभेला थोडी झटापट करावी लागते. मी ते वर्गात फळ्यावर लिहिले तेव्हा मुले मोकळेपणाने हसली होती. पण पहिले नाव तर आपल्या घरातलेच आहे. आता शीर्षकातील 'वतन' या शब्दाविषयी. उर्दूत वतन म्हणजे मायदेश आणि मराठीत वतन म्हणजे पिढीजात चालत आलेला हक्क, जमीनजुमला, मानपान. या कवीच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात, कारण त्याचे दोन्ही गेले होते.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १७९८ चा, नोवोग्रुदेक गावाच्या परिसरातला. हे गाव आज बेलारूस देशात आहे. जन्मापूर्वी तीनच वर्षे आधी पोलंड नावाचा देश नकाशावरून पुसला गेला होता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ असे तीन वेळा त्याचे लचके तोडले. पुढे १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, पोलंड हे राष्ट्र केवळ माणसांच्या भाषेत आणि आठवणीत जिवंत राहिले. आदम जन्मला तो रशियाच्या झारचा प्रजाजन म्हणून. वडील वकील होते. घर खानदानी, पण फारसे सधन नव्हे. १८१२ साली वडील वारले. त्याच वर्षी नेपोलियनची फौज रशियावर चालून गेली. तेरा वर्षांच्या त्या मुलाने आपला देश परत मिळणार या आशेने मोहरलेली माणसे पाहिली आणि त्याच हिवाळ्यात त्या फौजेची वाताहतही पाहिली.

या मुलखाची आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. चौदाव्या-पंधराव्या शतकांत लिथुएनियाच्या राजांनी येथे तार्तर मुसलमानांना आणून वसवले होते. ते घोडदळात चाकरी करीत. काळाच्या ओघात ते आपली मूळ बोली विसरले आणि शेजाऱ्यांची भाषा बोलू लागले. पण धार्मिक पोथ्या लिहिताना तीच बेलारूसी भाषा ते अरबी लिपीत लिहीत. म्हणजे कवीच्या लहानपणी त्या भागात कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ज्यू आणि मुसलमान अशा सगळ्यांचा शेजार होता. मित्स्क्येविच यांना पुढे पूर्वेकडील गोष्टींविषयी जी ओढ वाटली, तिचे बीज कदाचित येथेच पडले असेल.

१८१५ साली ते विल्ना विद्यापीठात दाखल झाले. शहराचे आजचे नाव विल्नियस. घरची स्थिती बेताची, त्यामुळे सरकारी शिष्यवृत्ती घेतली आणि तिच्या अटीप्रमाणे पुढे काही वर्षे मास्तरकी करण्याचे लिहून दिले. १८१७ मध्ये सहा मित्रांनी मिळून एक मंडळ काढले. नाव ठेवले 'फिलोमाथ', म्हणजे विद्येवर प्रेम करणारे. टोमाश झान, यान चेचोत ही त्यातील ठळक नावे. ही मुले करीत काय, तर निबंध लिहून एकमेकांना वाचून दाखवीत, त्यावर टीका करीत, कविता म्हणत. मात्र मंडळ गुप्त होते. ज्या राज्यात चार तरुण एकत्र बसले तरी पोलिसाला शंका येते, तेथे अभ्यासमंडळही गुप्तच ठेवावे लागते.

१८१९ साली करारानुसार ते कोव्नो या गावी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. हे आजचे लिथुएनियातील कौनस. आता येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. एवढा मोठा कवी, पण मास्तर म्हणून नाखूश होता! आठवड्याचे तास भरमसाट, गाव कंटाळवाणे, मित्र दूर, विद्यार्थ्यांना गोडी नाही, अशा तक्रारी त्यांच्या पत्रांतून आढळतात. वह्यांच्या गठ्ठ्यापुढे बसलेल्या कोणत्याही शिक्षकाला त्या पत्रांतील माणूस ओळखीचा वाटेल. त्यातच १८२० साली आई गेली. मारिला नावाच्या ज्या मुलीवर मन जडले होते, तिचा विवाह १८२१ मध्ये एका धनाढ्य उमरावाशी झाला. आणि याच खडतर दिवसांत, वर्ग संपल्यावरच्या वेळात, त्यांनी कविता लिहिल्या. १८२२ मध्ये त्यांचा पहिला संग्रह विल्ना येथे छापला गेला. त्यातील कथाकाव्ये खेडुतांच्या गोष्टींवर, भुताखेतांच्या समजुतींवर आणि लोकगीतांच्या वळणावर रचलेली होती. वॉर्सातील जुन्या वळणाच्या पंडितांनी नाके मुरडली, पण पोलिश साहित्यातील रोमँटिक युग त्याच संग्रहापासून मोजले जाते.

मग एका शाळकरी मुलाने फळ्यावर चार शब्द लिहिले. ३ मे १७९१ रोजी पोलंडने स्वतःची राज्यघटना केली होती. १८२३ च्या मे महिन्यात विल्ना येथील एका शाळेत त्या घटनेचा जयजयकार करणारा मजकूर फळ्यावर उमटला. तेवढ्यावरून चौकशी सुरू झाली. झारचा अधिकारी नोवोसिल्त्सेव याने शाळा, महाविद्यालये आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या धुंडाळल्या. शंभराहून अधिक तरुण धरले गेले. मित्स्क्येविच यांनाही अटक झाली आणि एका मठाच्या खोल्यांचा तुरुंग करून तेथे त्यांना डांबण्यात आले. सहा महिन्यांनी जामिनावर सुटका झाली. शेवटी निकाल लागला : झान, चेचोत आणि सुझिन यांना कैद आणि दूर ओरेनबुर्ग प्रांतात हद्दपारी, मित्स्क्येविच व इतर काहींना मायभूमी सोडून अंतर्गत रशियात नोकरी करण्याची शिक्षा. लेलेवेल नावाचे इतिहासाचे थोर प्राध्यापक होते, त्यांचीही नोकरी गेली. १८२४ च्या शरदात कवीने विल्ना सोडले. वय अवघे पंचवीस. पुन्हा त्यांनी ते शहर पाहिले नाही.

राजधानी पीटर्सबर्गला ते पोहोचले तेव्हा तेथील प्रसिद्ध महापूर नुकताच ओसरला होता. या साडेचार वर्षांच्या रशियातील वास्तव्याची गंमत अशी की, शिक्षा म्हणून ज्या देशात पाठवले, तेथील उत्तमोत्तम माणसांनी त्यांना डोक्यावर घेतले. रिलेयेव, बेस्तुझेव हे क्रांतिकारक कवी त्यांचे मित्र झाले. मॉस्कोत पुश्किन यांच्याशी स्नेह जुळला. मित्स्क्येविच यांना ऐनवेळी काव्य रचून म्हणण्याची विलक्षण हातोटी होती. बैठकीत कोणी विषय द्यावा आणि त्यांनी त्याच क्षणी बोलू लागावे. आपल्याकडे मुशायऱ्यात बसलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल सांगायला नको. पुश्किन स्वतः एवढे मोठे, पण त्यांनी या हद्दपार पाहुण्याच्या काही रचना रशियनमध्ये आणल्या.

१८२५ मध्ये ओडेसा येथे असताना त्यांनी क्रिमियाचा प्रवास केला. सोबतच्या मंडळींत सरकारचे हेरही होते, ही त्या काळची रीतच. क्रिमियातील तार्तर खानांची सत्ता जाऊन तेव्हा जेमतेम चाळीस वर्षे झाली होती. बख्चिसरायचा ओसाड राजवाडा, तेथील कबरी, मशिदींचे मिनार, चातिर-दाग पर्वत हे सारे त्यांनी पाहिले. ज्याचा स्वतःचा देश रशियाने गिळला होता, तो माणूस रशियाने गिळलेल्या दुसऱ्या एका देशाच्या पडक्या महालात उभा होता! यातून अठरा सुनीते जन्मली. 'क्रिमियाची सुनीते' या नावाने ती १८२६ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झाली. त्यांत वाट दाखवणारा मिर्झा नावाचा तार्तर आहे, आणि नमाज, मिनार यांसारखे शब्द पोलिश कवितेत सहज येऊन बसले आहेत. वॉर्सातील पंडितांनी या परक्या शब्दांची टर उडवली. पण ऐका : त्याच पहिल्या आवृत्तीत एका सुनीताचा फारसी अनुवाद छापलेला आहे. तो पीटर्सबर्गचे फारसीचे विद्वान मिर्झा जाफर तोपचीबाशी यांनी केला होता. पुढे मित्स्क्येविच यांनी शन्फरा आणि मुतनब्बी या अरबी कवींच्या रचना फ्रेंचवरून पोलिश भाषेत आणल्या आणि वाळवंटातील घोडेस्वारावर 'फारिस' नावाचा कसीदाही लिहिला. आपल्या मुलांनी फारसी-अरबी शिकावी की नाही यावर आपण वाद घालत बसतो. तिकडे बर्फाच्या मुलखातला एक कवी मुतनब्बीपर्यंत पोहोचला होता.

दरम्यान १८२५ च्या डिसेंबरात रशियात उठाव झाला आणि फसला. रिलेयेव यांना १८२६ मध्ये फाशी झाली, बेस्तुझेव सैबेरियात गेले. मित्स्क्येविच यांनी १८२८ मध्ये 'कोनराड वालेनरोड' हे दीर्घकाव्य छापले. शत्रूच्या गोटात वाढलेला, त्यांचाच सेनानी झालेला आणि आतून त्यांचा नाश घडवणारा एक लिथुएनियन वीर त्यात आहे. सेन्सॉरला ही मध्ययुगातील जुनी कहाणी वाटली आणि त्याने परवानगी दिली. डाव ओळखला तो जुन्या वैऱ्याने, नोवोसिल्त्सेवने. पण तोवर पुस्तक हातोहात गेले होते. देशासाठी का होईना, कपटाचा मार्ग धरावा काय, हा प्रश्न हे काव्य वाचकाच्या गळ्यात टाकून मोकळे होते. माझे मत विचाराल तर मला तो वीर पटत नाही; पण जेथे उघड बोलण्याची सोय नाही, तेथे असे वीर निपजतात, हे मात्र पटते.

१८२९ च्या मेमध्ये रशियन मित्रांच्या खटपटीने त्यांना परदेशी जाण्याचा परवाना मिळाला. वायमार येथे त्यांनी वृद्ध गटे यांची भेट घेतली आणि पुढे ते रोमला गेले. आणि वाचकहो, आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दुखरी जागा येते. २९ नोव्हेंबर १८३० रोजी वॉर्सात रशियाविरुद्ध उठाव झाला. ज्यांच्या कविता ओठांवर घेऊन तरुण रस्त्यावर उतरले, ते मित्स्क्येविच रोममध्येच राहिले. महिन्यांमागून महिने गेले. अखेर ते निघाले, पॅरिसमार्गे प्रशियाच्या ताब्यातील पोझ्नान भागात आले, तेव्हा १८३१ चा ऑगस्ट उजाडला होता. सप्टेंबरात वॉर्सा पडले. सीमा ओलांडून ते कधी रणात उतरलेच नाहीत. ते का थांबले याची कारणे अभ्यासकांनी पुष्कळ दिली आहेत : पैसा नव्हता, उठाव यशस्वी होईल असा विश्वास नव्हता, मन द्विधा होते. मी त्यांचा वकील होऊ इच्छित नाही. इतकेच सांगतो की ही टोचणी त्यांना जन्मभर पुरली आणि पुढचे सगळे मोठे लेखन त्या टोचणीतून आले. त्याच वर्षी पुश्किन यांनी उठाव चिरडणाऱ्या रशियाच्या बाजूने कविता लिहिली. दोन मित्रांच्या मध्ये आता राज्याची सीमा उभी राहिली.

१८३२ मध्ये ड्रेस्डेन येथे त्यांनी 'जाडी' या नाटकाचा तिसरा भाग लिहिला. जाडी म्हणजे पितर. मृतांच्या आत्म्यांना बोलावून जेवू घालण्याचा त्या मुलखातील जुना विधी, त्यावरून हे नाव. या भागात विल्नाच्या मठातील तोच तुरुंग आहे, तेच विद्यार्थी मित्र आहेत आणि नोवोसिल्त्सेव तर खऱ्या नावानिशी आहे. हद्दपारीत गेलेल्या मित्रांचे ऋण त्यांनी असे फेडले. शिवाय रशियन मित्रांना उद्देशून लिहिलेली एक कविताही त्यास जोडली. झारशी वैर, रशियन माणसाशी नाही, हा विवेक त्यांनी सोडला नाही.

त्याच वर्षी ते पॅरिसला आले. हजारो पोलिश निर्वासित तेथे जमले होते. कोणी सेनापती, कोणी मंत्री, कोणी साधा शिपाई. हाताला काम नाही, म्हणून दिवसभर भांडण : उठाव कोणामुळे बुडाला? या कलकलाटाला कान बंद करून मित्स्क्येविच यांनी 'पान तादेउश' हे बारा सर्गांचे काव्य लिहिले. १८३४ मध्ये ते पॅरिसमध्येच छापले गेले. काळ १८११-१२ चा, जागा कवीच्या बालपणाची. दोन खानदानी घराण्यांत एका पडक्या गढीवरून चाललेला वाद, एवढीच कथा. मग थोरपण कशात? तर तपशिलात. कॉफी कशी करतात, शिकारीच्या दिवशी रानात कोबी-मांसाचा रस्सा कसा शिजतो, पावसानंतर रानात कोणकोणत्या अळंब्या उगवतात, हे सारे त्यात आहे. यान्कियेल नावाचा ज्यू खानावळवाला संतूरसारखे वाद्य वाजवतो आणि त्याच्या सुरांतून देशाचा सगळा इतिहास ऐकू येतो. काव्य संपते ते नेपोलियनच्या फौजेच्या आगमनाने, आशेच्या शिखरावर. पुढे काय झाले ते कवीला ठाऊक होते, वाचकालाही. त्याने लिहिले नाही. आणि हे पोलिश राष्ट्रकाव्य सुरू होते ते लिथुएनियाला मायभूमी म्हणून साद घालून!

माझ्या वर्गातील कितीतरी मुलांचे वडील आखाती देशांत आहेत. फोन आला की ते मुलांना विचारतात, विहिरीला पाणी किती आहे, मागच्या फणसाला यंदा किती धरले, शेजारच्या चाचींचे गुडघे कसे आहेत. मोठमोठ्या गोष्टी ते विचारीत नाहीत. 'पान तादेउश' हा ग्रंथ काय आहे, असे कोणी पुसले तर मी त्या फोनकडे बोट दाखवीन. फरक इतकाच की आपल्या माणसांकडे परतीचे तिकीट असते.

या काव्यानंतर मित्स्क्येविच यांची लेखणी जवळजवळ थांबली. वय तेव्हा पस्तीस. १८३४ मध्येच सेलिना शिमानोव्स्का यांच्याशी विवाह झाला. सहा मुले झाली. घरात पैशाची ओढाताण आणि पत्नीला मनोविकाराचा त्रास. १८३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे लॅटिनचे अध्यापक झाले आणि १८४० पासून पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये स्लाव्ह साहित्यावर व्याख्याने देऊ लागले. निर्वासिताला मिळालेला हा फार मोठा मान. पण १८४१ मध्ये तोव्यान्स्की नावाचा एक गूढवादी साधू त्यांना भेटला. पत्नीला त्याच्यामुळे आराम पडला, असे त्यांना वाटले, आणि ते त्याच्या पूर्ण आहारी गेले. व्याख्यानातून साहित्य मागे पडले आणि त्याच्या पंथाचा प्रचार पुढे आला. जुने मित्र दुरावले. १८४४ मध्ये सरकारने व्याख्याने थांबवली. मोठी बुद्धी असलेला माणूसही दुःखात कोणाच्या पायाशी जाऊन बसेल, सांगता येत नाही.

तरी आतला निखारा विझला नव्हता. १८४८ साली युरोपभर क्रांतीचे वारे सुटले, तेव्हा रोमला जाऊन त्यांनी पोलिश तुकडी उभारली. तिच्या जाहीरनाम्यात सर्वांना धर्मस्वातंत्र्य, ज्यूंना समान हक्क, स्त्रियांना समान हक्क ही कलमे होती. सन लक्षात घ्या : १८४८! दुसऱ्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांनी सर्व राष्ट्रांच्या मुक्तीसाठी फ्रेंच भाषेत वर्तमानपत्र काढले. ते काही महिन्यांतच बंद पाडले गेले. १८५२ मध्ये प्राध्यापकपद रीतसर गेले आणि एका ग्रंथालयात नोकरी करून ते पोट भरू लागले.

१८५३ मध्ये क्रिमियाचे युद्ध पेटले. तुर्कस्तान, ब्रिटन आणि फ्रान्स एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. तुर्की सैन्यात पोलिश निर्वासितांची कोसॅक पथके होती आणि त्यांचा सेनानी होता सादिक पाशा. हा मूळचा मिखाऊ चाइकोव्स्की नावाचा पोलिश कादंबरीकार. त्याने १८५० मध्ये इस्लाम स्वीकारला होता. १८५५ च्या मार्चमध्ये सेलिना वारल्या. त्याच सप्टेंबरात, मुलांना मागे ठेवून, छप्पन वर्षांचे मित्स्क्येविच इस्तंबूलला निघाले. बुर्गासच्या छावणीत जाऊन सादिक पाशांबरोबर राहिले, पोलिश पुढाऱ्यांतील भांडणे मिटवण्याचा यत्न केला, ज्यूंची स्वतंत्र पलटण उभारण्याची योजना आखली. १८३१ मध्ये जे रण चुकले ते गाठण्यासाठीच जणू हा वृद्ध निघाला होता. परंतु छावणीतून परतल्यावर प्रकृती ढासळली आणि २६ नोव्हेंबर १८५५ रोजी, बहुधा पटकीने, त्यांचे प्राण गेले. देह जहाजाने फ्रान्सला नेऊन दफन केला गेला. ज्या घरात ते वारले ते पुढे आगीत जळाले, पण त्याच जागी पुन्हा बांधले गेले. १९५५ मध्ये तेथे त्यांचे संग्रहालय झाले.

जिवंतपणी त्यांनी वॉर्सा पाहिले नाही, क्राकोवही पाहिले नाही. क्राकोवला ते आले ते १८९० मध्ये, शवपेटीतून. वावेल टेकडीवरील प्रार्थनामंदिरात, जेथे पोलंडचे राजे चिरविश्रांती घेतात, तेथे त्यांना जागा मिळाली. ते शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते, म्हणून एवढे तरी करता आले.

त्यांच्या शब्दांचा धाक राज्यकर्त्यांना किती वाटे, हे पुढच्या हकिकतींवरून कळते. क्राकोवचा त्यांचा पुतळा जर्मनांनी १९४० मध्ये पाडला. तो १९५५ मध्ये पुन्हा उभा राहिला. १९६८ च्या जानेवारीत वॉर्साच्या राष्ट्रीय नाट्यगृहातील 'जाडी'चे प्रयोग तत्कालीन कम्युनिस्ट सरकारने बंद केले, कारण झारविरुद्धच्या वाक्यांना प्रेक्षक भलत्याच अर्थाने टाळ्या देऊ लागले होते. शेवटच्या प्रयोगानंतर विद्यार्थी कवीच्या पुतळ्यापर्यंत चालत गेले, मार्चमध्ये विद्यापीठात निदर्शने झाली, लाठ्या चालल्या. सरकारने दोष ज्यूंच्या माथी मारला आणि हजारो ज्यूंना देश सोडावा लागला. ज्याने त्यांच्या समान हक्कांसाठी १८४८ मध्ये लेखणी चालवली, त्याच्याच नाटकाच्या निमित्ताने हे घडावे!

सिएन्किएविच यांची एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पनामाच्या किनाऱ्यावर एक म्हातारा पोलिश निर्वासित दीपगृहावर नोकरीला असतो. एके दिवशी टपालाने मित्स्क्येविच यांचे ते काव्य त्याच्या हाती येते. वाचता वाचता तो इतका हरवतो की त्या रात्री दिवा लावायचा राहून जातो, आणि नोकरी जाते.

आपल्या महाराष्ट्राचाही या कहाणीशी एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून, म्हणजे कवीच्या जन्मभूमीच्याच पट्ट्यातून, लाखो लोकांना सैबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकले. त्यांतील सुटलेल्या सुमारे पाच हजार जणांना, बहुतेक बायकामुलांना, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. तेथे त्यांच्या पोलिश शाळा होत्या. पोलिश शाळा म्हटली की मित्स्क्येविच यांच्या कविता आल्याच. तेव्हा पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरच्या उन्हाळ्यात, कोणा मुलांनी लिथुएनियातील अळंब्यांची आणि बर्फाची वर्णने घोकली असतील. युद्ध संपले, सीमा पुन्हा सरकल्या, नोवोग्रुदेकचा सारा परिसर सोव्हिएत संघात गेला. त्या बाजूच्या मुलांना परतायला गावच उरले नाही. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी नव्या पोलंडला. १९४८ मध्ये वळिवडेचा तळ रिकामा झाला.